हरलेल्या दोन सामन्यांची दृष्ट

शनिवारी आखातातल्या खलिफा सिटीच्या मैदानावरून निघालेली गाडी अल रीम आयलंडच्या पुलावर चढेपर्यंत अनुराधा एकटीच बोलत होती. शुभ्राच्या शाळेची फुटबॉल टीम चार-एकने हरली होती. गोलमध्ये उभी होती ती बारा वर्षांची शुभ्राच. आणि तिची आई आयुष्यात कधी फुटबॉल खेळली नव्हती, त्यामुळे तिची मतं फार पक्की होती.

"पहिला गोल उन्हानं गेला, तो मी सोडते. पण दुसऱ्याला तू डावीकडं का झेपावलीस? चेंडू उजवीकडून येतोय हे मला कठड्यापासून दिसत होतं!"

"अनु," गाडी चालवता चालवता शैलेंद्र म्हणाला, "त्या कोचला घरी बसवून तुलाच ठेवायला सांगू का?"

"सांगा की. तो नुसता टाळ्या वाजवतो. मी निदान ओरडते तरी."

तिचं ओरडणं खरंच मैदानभर ऐकू गेलं होतं. 'शुभे, कंबर कस! शुभे, डोळे उघड!' टीममधल्या एमानच्या आईनं याचा अर्थही विचारला होता आणि अनुराधानं तो हातवारे करून सांगितला होता.

मागच्या सीटवरून आवाज आला, अगदी शांत. "आई, नेक्स्ट सॅटर्डे यू आर नॉट कमिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे खलास. डॅड विल ड्रॉप मी."

आठवडाभर ऑफिसात 'नोटेड, थँक्स' एवढ्यावर भागवणाऱ्या बाईचा गळा शनिवारी त्या कठड्यापाशी मोकळा व्हायचा. लेक गोलमध्ये पाठमोरी उभी असायची, वेणीचं टोक वाऱ्यावर हलायचं आणि अनुराधाच्या मनात आपोआप ओळी जुळायच्या:

लेक माझी दारी उभी, दार दोरीच्या जाळीचं
चेंडू सुसाटत येई, काळीज हाले माउलीचं

त्या हलत्या काळजाला आता मैदानाची बंदी झाली होती.

रविवारी सकाळी चहाबरोबर बेसबॉल होता. थोरला कुणाल कॅलिफोर्नियात शिकतो, तिथं कॉलेजच्या क्लबकडून खेळतो. त्यांची शनिवारची संध्याकाळ इथं रविवारची सकाळ होऊन लॅपटॉपवर उगवते. शुभ्रा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आईशी बोलत नव्हती, पण दादाची मॅच सोडत नव्हती.

"एवढा लांब मारला तरी धाव नाही?" अनुराधानं विचारलं.

"फाउल गेला तो, रेषेबाहेर," शैलेंद्र म्हणाला.

"आणि हे बॅट फेकून पळणं मला मुळीच पटत नाही. आपण बॅटला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो. हे धुणं टाकावं तशी टाकतात!"

कुणाल पुढं आला. पहिला चेंडू हुकला, दुसरा हुकला, तिसराही हुकला. बाद. मान खाली घालून तो परत जाताना दिसला आणि अनुराधा ताडकन उठली.

"दृष्ट लागलीय. दोघांनाही. काल तिला, आज याला."

"अनु, समोरचा पोरगा चेंडू चांगला टाकतोय, एवढंच."

पण ती स्वयंपाकघरात पोचली होती. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या मुठीत घेऊन तिनं आधी लॅपटॉपवरून ओवाळल्या. मग सोफ्यावरच्या शुभ्रावरून.

"आई, सीरियसली?"

"गप्प बस. हलू नकोस. काल गोलमध्ये नव्हतीस का अशीच न हलता उभी?"

शैलेंद्रनं हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला. अनुराधानं तापलेल्या तव्यावर मूठ रिकामी केली आणि दाराशी येऊन विजयानं म्हणाली, "बघा, ठसका नाही! म्हणजे किती मोठी दृष्ट होती…"

ठसका घराला आला. छतावरचं धूर हुंगणारं चकतीएवढं यंत्र किंचाळलं, पाठोपाठ मजला, पाठोपाठ अख्खा टॉवर. आधी अरबीत, मग इंग्रजीत एक सुरेल बाई सगळ्यांना जिन्यानं खाली उतरायला सांगू लागली. शैलेंद्रनं तव्याखालची शेगडी बंद केली. एकोणीस मजले उतरताना अनुराधाला एकही मत सुचलं नाही.

खाली पार्किंगमध्ये टॉवर झोपेतल्या कपड्यांत उभा होता. शेजारच्या उझैरनं लुंगीवर कोट चढवला होता. सुरक्षारक्षक कमरुद्दीन वर जाऊन आला आणि थेट त्यांच्यापाशी थांबला.

"आपके फ्लॅट से धुआँ था. क्या जला, मॅडम?"

अनुराधानं मिठाचा हात ओढणीला पुसला. दोन मुलांची दृष्ट, हे हिंदीत कसं सांगायचं आणि इतक्या लोकांत कुठल्या तोंडानं? तेवढ्यात शुभ्रा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"टोस्ट, अंकल. मेरा टोस्ट जल गया. सॉरी."

कमरुद्दीननं मान हलवली, गेला.

"हा अडवलास," शैलेंद्र हळूच म्हणाला.

"समबडी हॅड टू," शुभ्रा म्हणाली.

लिफ्ट सुरू व्हायला वेळ होता. उझैरच्या मुलानं चेंडू काढला, आणि दोन खांबांच्या मधे शुभ्रा आपसूक जाऊन उभी राहिली. एक चेंडू तिनं पोटाशी धरला. पुढच्याला ती डावीकडं झेपावली, तो उजवीकडून गेला. अगदी कालच्यासारखा.

अनुराधानं श्वास घेतला. शैलेंद्रनं डोळे मिटले. पण आवाज आलाच नाही. तिनं ओढणीचा बोळा करून तोंडात धरला होता. डोळे मोठे, गाल फुगलेले, कपाळावर घाम.

शुभ्रा आईकडं बघत राहिली. मग हसू फुटलं तिला, खांबाला टेकून हसली.

"आई, ब्रीद! यू विल बर्स्ट!"

तेवढ्यात शैलेंद्रच्या फोनवर कुणालचा निरोप आला: 'हरलो. आई काय म्हणतेय?'

"काही म्हणत नाहीये," शैलेंद्रनं लिहिलं. उत्तर लगेच आलं: 'बरी आहे ना ती?'

शुभ्रानं ते वाचलं, आईच्या तोंडातून ओढणी सोडवली. "ओके. यू कॅन कम. पण दुसऱ्या टीमच्या आयांबरोबर बसायचं. अँड नो ओरडिंग."

"ओढणी आणीन," अनुराधा म्हणाली.

"दोन आण," शैलेंद्र म्हणाला.

लिफ्टकडं जाताना अनुराधानं शुभ्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण त्या दुसऱ्या टीमच्या बायका बघितल्यास का गं? गोल झाला तरी नुसत्या फोनमध्ये. त्यांना जरा शिकवायला हवं."