विक्रांतला वर ठेवून

लीड्सच्या बाहेर दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. मार्चमधल्या एका ढगाळ शनिवारी मनाली आणि विक्रांत ही बहीणभावंडं आणखी चौघांबरोबर तिथल्या चिखलात उभी होती. हेलन नावाची पन्नाशीची शिक्षिका त्यांना शिकवत होती की, कड्यावर जोडीदार दोराला बेशुद्ध लटकला तर काय करायचं.

"त्याचा दोर तुमच्या हातात आहे," हेलन म्हणाली. "सोडलात तर तो मेला. धरून बसलात तर दोघंही तिथेच अडकलात. म्हणून आधी दोर बांधायचा आणि स्वतःचे हात मोकळे करायचे. बाकी सगळं त्यानंतर."

मग तिने गाठी दाखवल्या. ताणलेला दोर कमरेच्या बकलापाशी कसा बांधायचा, त्यावर बारीक दोरीचे वेढे घेऊन प्रुसिकची गाठ कशी मारायची, म्हणजे ती वर सरकते पण वजन पडलं की दोराला घट्ट चावते. त्या गाठीवर जोडीदाराचं वजन घेऊन ते हळूहळू खडकात ठोकलेल्या आधारावर कसं सोपवायचं. विक्रांतला हे पहिल्याच फटक्यात जमलं. तो रीडिंग शहरात सॉफ्टवेअरमध्ये होता, एकोणतिशीचा, सडपातळ, आणि खडकावर पालीसारखा चढायचा. मनाली त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, लीड्सच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लग्न मोडल्यावर घरात कुढत बसलेल्या बहिणीला त्यानेच ओढत क्लाइंबिंग वॉलवर नेलं होतं. या कोर्सला मात्र तिने त्याला ओढून आणलं होतं.

"ताई, इतका घाबरून कसा चालेल?" तो हसत म्हणाला. मनाली नागपुरात जन्मली होती, विक्रांत बर्मिंगहॅममध्ये. त्याच्या मराठीत लिंगांचा कायमचा गोंधळ असे, आणि आई त्यावर हसून हसून बेजार व्हायची.

दुपारी चहा पिताना मनालीने हेलनला विचारलं, "त्याला खाली आणताच आलं नाही, फोनला सिग्नल नाही, आसपास कोणी नाही. मग?"

हेलनने कपातला उरलेला चहा गवतावर ओतला. "मग त्याला तिथे ठेवून मदत आणायला जायचं. ते तंत्र सोपं आहे, आपण आज करूच. पण खरोखर निघून जाण्याची प्रॅक्टिस इथे करता येत नाही."

त्यानंतर मनाली घरी जिन्याच्या कठड्याला तांदळाची गोणी टांगायची आणि त्या गाठी मारत बसायची. डोळे मिटून, हातमोजे घालून, एका हाताने. विक्रांतला व्हिडिओ कॉलवर दाखवायची. तो म्हणायचा, "तांदूळ वाचला. शाबास."

जूनमध्ये दोघांनी सुट्टी काढली आणि दोघं डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेली. आठवड्यातला मधला वार होता, हवा कुंद होती, कार पार्कमध्ये त्यांच्याशिवाय एकही गाडी नव्हती. कडा दरीच्या अगदी टोकाला होता. पहिला टप्पा चढून दोघं एका अरुंद कंगोऱ्यावर, जेमतेम उभं राहता येईल अशा कपारीवर, आली. मनालीने खडकात आधार बसवून स्वतःला बांधून घेतलं, आणि विक्रांत दुसऱ्या टप्प्यावर पुढे निघाला. त्याच्या कमरेला दोन दोर होते, एक लाल, एक निळा. दोन्ही मनालीच्या हातातून सुटत वर जात होते.

तो उजवीकडे सरकत एका बाहेर आलेल्या खडकावरून वर गेला. तिथून त्याचा आवाज आला, "ताई, हा दगड हलते."

"हलतो," मनाली खालून सवयीने म्हणाली.

पुढच्याच क्षणी कपाटाएवढा दगड कड्यापासून सुटला. विक्रांत त्याच्याबरोबरच खाली आला. मनाली हिसक्याने भिंतीवर आदळली, पण तिने दोर सोडले नाहीत. दगड खाली जाऊन फुटल्याचा आवाज दरीत बराच वेळ घुमत राहिला. मग शांतता झाली. तिने वर पाहिलं. विक्रांत लाल दोराला लटकत होता, डोकं मागे पडलेलं, हात लोंबत होते. हेल्मेट एका बाजूने फुटलं होतं.

तिने हाका मारल्या. त्याचं बोटही हललं नाही.

त्याला कंगोऱ्यापर्यंत खाली घ्यावं म्हणून तिने लाल दोर सोडून पाहिला. दोर सैल झाला, विक्रांत तिथेच राहिला. वरच्या फटीत एक धोंडा सरकून दोरावर बसला होता. आता त्याला वर नेता येत नव्हतं, खालीही आणता येत नव्हतं. तिने शिट्टी काढली आणि संकटाच्या खुणेच्या सहा शिट्ट्या मारल्या. थांबली, परत मारल्या. समोरच्या उतारावर मेंढ्यांनी माना वर केल्या. फोनवर सिग्नलची एक रेघही नव्हती.

गाठी एकामागून एक बसत गेल्या. दोर बांधला. हात मोकळे झाले. फटीतल्या त्या धोंड्यावर दोघांचं वजन टाकायचं म्हणजे जुगार होता. तो निसटला असता तर विक्रांत आणि ती, दोघंही गेली असती. तिने लाल दोरावर दोन प्रुसिक बांधले, एकात पाय घातला आणि वीतवीत वर सरकू लागली. वर पोचली तेव्हा तिच्या तोंडाला रक्ताची चव येत होती. स्वतःचाच ओठ चावला गेला होता.

विक्रांत श्वास घेत होता. घरघरत, अडखळत, पण घेत होता. तिने त्याचा जबडा पुढे ओढला तशी घरघर थांबली. कानातून पाण्यासारखं पातळ रक्त येत होतं. हॉस्पिटलात तिने असे पेशंट पाहिले होते, पण बरेच आठवडे उलटल्यावर, वॉकर धरून पुन्हा चालायला शिकताना. त्यांच्यापैकी कोणालाही तिने या क्षणी पाहिलं नव्हतं.

तिने त्याच्या छातीभोवती पट्टा बांधून त्याला उभा टांगला. जॅकेटची गुंडाळी करून मानेशी लावली, म्हणजे डोकं पुढे पडू नये. तरी हात काढला की जबडा सरकायचा आणि घरघर सुरू व्हायची. तिने गुंडाळी बदलली, पट्टा वर घेतला, पुन्हा हात काढून पाहिला. थोडं बरं झालं. पूर्ण बरं झालं नाही.

"विकी," ती म्हणाली, "डोळे उघड ना रे राजा."

हात जबड्याखाली धरून ती तशीच लटकत राहिली. असंच थांबता आलं असतं. संध्याकाळी गाडी कार पार्कमध्येच दिसली की कोणाला तरी शंका आली असती. किंवा आलीही नसती. पाऊस सुरू झाला होता. विक्रांतचे हात गार पडत चालले होते. ती थांबली तर तो तिच्या हातात मरेल, आणि गेली तर कदाचित एकटा मरेल. पण गेली तरच कोणीतरी येणार होतं.

तिने निळा दोर त्याच्या कमरेतून सोडला. तो मोकळा होता, ओढला की आला. मग तिने विक्रांतच्या कानाशी तोंड नेलं. "मी माणसं घेऊन येते. तू फक्त श्वास घे. बाकी काही करू नकोस." जबड्याखालचा हात तिने सावकाश काढून घेतला. घरघर पुन्हा सुरू झाली. प्रुसिक खाली सरकवत ती कंगोऱ्यावर आली तरी ती ऐकू येत होती.

कंगोऱ्यावर तिने निळा दोर आधाराला बांधला आणि त्यावरून खाली उतरली. पाय जमिनीला लागले आणि ती पळत सुटली. दगडांवरून, ओढ्यातून, नेच्याच्या झुडपांतून. दोनदा पडली. पहिल्या शेतघराचं दार तिने दोन्ही मुठींनी बडवलं. म्हाताऱ्या शेतकऱ्याने काही न विचारता तिला आत घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला.

माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक आले. कोणी दुकानातलं काम टाकून आलं होतं, कोणी शाळेतलं. ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टर दरीत शिरू शकलं नाही, म्हणून सामान पाठीवर घेऊन ते चालत वर गेले. मनालीला त्यांनी वर येऊ दिलं नाही. ती कड्याच्या पायथ्याशी, कोणाच्या तरी कोटात बसून राहिली. बऱ्याच वेळाने एक बाई दोरावरून खाली आली, तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसली आणि हेल्मेट काढलं. मनालीला कळलं.

बर्मिंगहॅमहून आईबाबा संध्याकाळी पोचले. बाबा, सुखदेव, तीस वर्षं मानसिक रुग्णालयात नर्स होते, आता निवृत्त. आईचं नाव भीमाबाई. रेस्क्यू टीमच्या ऑफिसात कोणीतरी तिच्या हातात चहा दिला होता. तो तिने प्यायला नाही, खालीही ठेवला नाही.

"तो जिवंत होता?" तिने विचारलं. "तू निघालीस तेव्हा?"

"हो."

"श्वास चालू होता?"

"हो, आई."

"मग काहून सोडून आलीस त्याला?" कप तिच्या हातातून निसटला. "लेकराला तसं टांगून ठेवून आलीस?"

बाबा मध्ये आले. "भीमा, ऐक. वॉर्डात काही झालं तर एक जण पेशंटजवळ थांबतो आणि दुसरा धावतो. ही एकटी होती. एकटीला दोन्ही करावं लागलं."

"मला वॉर्डाचं सांगू नका," आई म्हणाली.

अंत्यविधी बर्मिंगहॅमला झाला. मिडलँड्समधल्या आपल्या समाजातली सगळी माणसं आली होती. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, मागून सगळ्यांनी म्हटलं. मनाली बाबांच्या एका बाजूला उभी होती, आई दुसऱ्या. शवपेटीवर फुलं वाहताना आईचा हात तिच्या हाताजवळ आला आणि आईने तो मागे घेतला.

इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची सरकारी चौकशी, हिवाळ्यात झाली. हेलनने साक्ष दिली की, मनालीने जे केलं ते सगळं शिकवल्याप्रमाणे आणि बरोबर होतं; अशा स्थितीत बरेच अनुभवी लोकही इतकं करू शकले नसते. पॅथॉलॉजिस्टने सांगितलं की, मेंदूला झालेली इजा इतकी मोठी होती की विक्रांत थेट ऑपरेशन थिएटरमध्ये असता तरी बहुधा वाचला नसता. चौकशी करणाऱ्या कॉरोनरने अपघाती मृत्यू असा निकाल दिला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आई म्हणाली, "सगळं बरोबर केलं म्हणे. आणि पोरगा मेला." ती मनालीशी बोलत नव्हती, भिंतीशी बोलत होती.

मनाली कामावर जात राहिली. लोकांना चालायला शिकवत राहिली. घरी आल्यावर ती पॅथॉलॉजिस्टच्या 'बहुधा' या शब्दापाशी बसायची. त्यात किती जागा आहे, ते तिला मोजता येत नव्हतं. बाबा दर रविवारी फोन करायचे. मागे आईचा वावर ऐकू यायचा, भांड्यांचा, नळाचा. आई फोनवर आली नाही.

एप्रिलमध्ये ती आली. फोनवर नाही, लीड्सच्या स्टेशनवर, एकटी, हातात एक पिशवी. "मला तिथे ने," एवढंच म्हणाली.

मनाली तिला गाडीने घेऊन गेली. दरीत ऊन होतं, कोकरं ओरडत होती, कार पार्क गाड्यांनी भरलेला. आईचे गुडघे दुखत होते, तरी काठी टेकत ती कड्याच्या पायथ्यापर्यंत चालली. मनालीने बोट करून कंगोरा दाखवला, मग त्याच्यावरचा बाहेर आलेला खडक. आई मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"इथून दिसत होता तो?"

"हो. इथून दिसत होता."

"पळताना मागे वळून पाहिलंस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"पाहिलं असतं तर परत वर गेले असते, आई."

आई एका दगडावर बसली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "मी असते तर थांबले असते," ती म्हणाली. "त्याच्यापाशीच."

"माहितेय."

"तो तसाही गेलाच असता."

"हो."

"तरी थांबले असते. मला दुसरं सुचलंच नसतं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझं चुकलं असं मी आता म्हणत नाही. पण बरोबर होतं, हेही माझ्या तोंडून निघणार नाही, मनाली. माझ्याकडे ते मागू नकोस."

"नाही मागत."

वर दोन मुलगे त्या कंगोऱ्यावर पोचले होते. त्यांच्या हाका खालपर्यंत येत होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच डोळे खाली घेतले. मग उठण्यासाठी तिने हात पुढे केला, मनालीने तो धरला, आणि दोघी त्या खडकाळ वाटेने सावकाश गाडीकडे उतरू लागल्या. वाटेत आई दोनदा थांबून रडली. मनाली शेजारी उभी राहिली.