न पुसलेली पेटी

पाहुणे येणार म्हटलं की आपल्या घरात काय होतं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. फाटकी चादर पलंगाखाली जाते, कपाटातले कप बाहेर येतात, आणि घरातलं एखादं साधंभोळं माणूस असेल तर त्याला हळूच सांगितलं जातं, "तुम्ही जरा आत बसा." घरात चालतं तेच कचेरीतही चालतं. सुनील गायधनी यांनीही तेच केलं, आणि त्याची शिक्षा त्यांना पाहुण्यांसमोरच मिळाली!

गोष्ट २००५ सालच्या फेब्रुवारीतली. नाशिकचा माल परदेशी बाजारात जावा म्हणून पालिकेने एक उद्योग कक्ष उघडला होता. कक्ष म्हणजे जिन्याशेजारची एक खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, प्रमुख म्हणून सुनील आणि त्यांच्या मदतीला इंग्रजी उत्तम बोलणारी तृप्ती. दीड वर्ष दोघांनी देशोदेशी पत्रं धाडली, तेव्हा कुठे हॉलंडचे तीन खरेदीदार यायला राजी झाले. इकडे काही नगरसेवक कुरकुरत होतेच, की पालिकेने नळ आणि गटारं बघावीत, हे परदेशाचं खूळ कशाला? ही भेट फुकट गेली असती, तर एप्रिलपासून त्या खोलीला कुलूप लागणार होतं. सुनीलना तर रात्री झोप लागेनाशी झाली होती.

पालिकेच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडली. एकावर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले यंत्रांचे सुटे भाग, दुसऱ्यावर वाइनच्या बाटल्या, आणि मधल्या सर्वांत मोठ्या टेबलावर द्राक्षांची जागा. सकाळी आठला ओझरजवळच्या, द्राक्षं निवडून पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसमधून टेम्पो आला. त्यात सहा पेट्या होत्या आणि त्या मांडायला पाठवलेली भागीबाई. भागीबाई हरसूलकडची. घरची भात-नागली निघाली, की दर वर्षी डोंगर उतरून द्राक्षांच्या कामाला यायची. एकवीस हंगाम तिने पेट्या भरल्या होत्या. पेटी कोणी भरली हे कळावं म्हणून आत भरणारीच्या नंबरची चिठ्ठी असते. भागीबाईचा नंबर होता अठरा.

सुनीलनी पहिली पेटी उघडली आणि ते खाली वाकले. मण्यांवर पांढरट थर! फवारणीचा अंश सापडला तर माल परत येतो, हे त्यांनी ऐकलं होतं. आता गंमत बघा. हा माणूस जन्मला द्राक्षांच्या गावात. पण आयुष्यभर द्राक्षं खाल्ली ती मेनरोडच्या हातगाडीवरची, पाणी मारून चकचकीत केलेली. वेल त्याने पाहिला तो एसटीच्या खिडकीतून.

"तृप्ती, शिपायांना बोलव! ओली फडकी आण. थेंबभर खोबरेल लावा वरून. चमकली पाहिजेत!"

भागीबाई धावतच पुढे आली. "सायेब, पुसू नका! त्ये औषध नाय. त्ये द्राक्षाचं सोताचं हाय, येलावर आस्तानाच मण्यावर येतं. आमी कधी मण्याला बोट लावत नाय, घड देठालाच धरतो. बोट लागलं का डाग पडला, आन डाग दिसला का पेटी परत."

"मावशी, ते तुमच्या पॅकहाऊसमध्ये. हे प्रदर्शन आहे, इथे दिसण्याला महत्त्व असतं."

"म्हंजी तिथं खरं दाखवायचं आन हितं खोटं? पाव्हणा उद्या तिकडं पेटी उघडल तवा त्याला काय दिसल?"

सुनीलनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजले होते. शिपाई कामाला लागले. पाच पेट्यांतले घड पुसून, तेल लावून काचेच्या गोट्यांसारखे लखलखू लागले. सहावी पेटी मात्र भागीबाईने छातीशी धरली.

"ही नाय देनार. हिच्यात माजी चिठ्ठी हाय."

सुनील चिडले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. दंड घालून शिवलेलं लुगडं, अनवाणी पाय, देठांच्या चिकाने काळी पडलेली बोटं. "बरं, ठेवा तुमच्याकडे," ते म्हणाले, "पण पाहुणे असेपर्यंत मागच्या खोलीत बसा. बाहेर येऊ नका."

पेटी घेऊन भागीबाई आत गेली. तृप्तीला फार वाईट वाटलं, पण ती टेबलं लावत राहिली.

साडेदहाला पाहुणे आले. सुटे भाग पाहून दोघे पुरुष खूश झाले. एकाने तर व्हॉल्व्ह डोळ्याजवळ नेऊन तीनदा फिरवला. सुनीलची छाती फुगली. मग त्यांच्यातली उंच, पांढऱ्या केसांची बाई द्राक्षांच्या टेबलाशी आली. तिने एक घड उचलला, आणि उचलला तो देठाला धरून! उजेडाकडे धरला, मण्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. तिचा चेहरा बदलला. ती तृप्तीशी हळू आवाजात काहीतरी बोलली.

"सर," तृप्ती त्यांच्याजवळ सरकून म्हणाली, "त्या म्हणतात, हा माल जुना आहे का? जुना माल ताजा दिसावा म्हणून पुसतात, असं त्या म्हणतात. त्यांना हे कोणी केलं ते जाणून घ्यायचंय."

दीड वर्षाची पत्रं, ती खोली, ते कुलूप, सगळं सुनीलच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि सुटकेची वाटही लगेच दिसली. तोंड उघडायचा अवकाश होता!

"त्यांना सांग," ते म्हणाले, "की आमच्या पॅकिंगच्या बायका अडाणी आहेत, त्यांनी..."

तेवढ्यात त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. दारात भागीबाई उभी होती. मराठी तिला कळत होतंच! ती रागावली नव्हती. नुसती बघत होती, पेटी तशीच छातीशी धरून.

सुनीलनी वाक्य अर्ध्यावरच तोडलं. अरे, काय बोलतोय मी! जिने जीव तोडून सांगितलं तिलाच अडाणी म्हणतोय? त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी लाज त्यांना त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"नाही तृप्ती, ते सांगू नकोस. सांग, चूक माझी आहे. माल कालच तोडलेला आहे. मला त्यातलं काही कळत नाही, आणि जिला कळतं तिचं मी ऐकलं नाही. ती ही बघा!" ते स्वतः दारापर्यंत गेले. "भागीबाई, या. तुमची पेटी दाखवा."

भागीबाईने टेबलावर पेटी ठेवली. तिने देठाला धरून घड वर काढला, फिरवला, कमरेला खोचलेल्या कात्रीच्या टोकाने एक दुखावलेला मणी असा अलगद काढला की शेजारचा मणी हललासुद्धा नाही. मण्यांवरची पांढरी झाक जशीच्या तशी होती. परदेशी बाईने एका मण्यावर अंगठा टेकवला. तिथे काळसर डाग उमटला. ती हसली, तिने मान डोलावली. मग तिने आतली चिठ्ठी वाचली आणि आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "अठरा कोण?"

"म्या," भागीबाई म्हणाली. तृप्तीला भाषांतर करावंच लागलं नाही.

त्या दिवशी सौदा झाला नाही. पण दुपारचं जेवण आटोपून पाहुणे ओझरला पॅकहाऊस बघायला गेले, आणि सर्वांत पुढच्या मोटारीत भागीबाई बसली होती. मार्चमध्ये पहिला कंटेनर गेला. अंबडच्या व्हॉल्व्हलाही मागणी आली. कुलूप काही लागलं नाही!

पुढच्या वर्षी कक्षाने परदेशी पाठवायची रंगीत पुस्तिका केली. मुखपृष्ठावर देठाला धरलेला घड आणि भागीबाईचे हात. सुनील अभिमानाने तिचा कच्चा नमुना घेऊन पॅकहाऊसला गेले. भागीबाईने तो उलटसुलट करून पाहिला.

"हात माजंच हायेत," ती म्हणाली. "पन सायेब, माजं त्वांड कुठं हाय?"

सुनील खजील झाले. पुन्हा तेच! पुन्हा त्यांनी तिला आतच बसवलं होतं! त्यांनी नमुना परत घेतला, फोटोवाल्याला बोलावलं आणि मुखपृष्ठ नव्याने केलं. त्यावर भागीबाई आहे, हसरी, कपाळावर आडवं कुंकू लावलेली. खाली नंबर नाही. 'भागीबाई, हरसूल, नाशिक' असं तिचं नाव आहे.

बंधुभगिनींनो, आपलं गाव जगापुढे मांडायचं तर आधी ते आपल्याला नीट ठाऊक हवं, आणि ज्यांच्या हातांनी ते मोठं झालं त्यांना मागच्या खोलीत बसवून ते मांडता येत नाही. जे अस्सल आहे ते पुसू नका, आणि आपल्या माणसांची लाज बाळगू नका. ती पुस्तिका आजही कक्षाच्या भिंतीवर लावलेली आहे. नवा पाहुणा आला, की सुनील आधी ती दाखवतात आणि मग द्राक्षांची पेटी उघडतात.