अकरा बगळे

"हा सहासष्ट सालचा," असं म्हणत वेंडेल क्रॉकरने पहिलं पदक ओनाच्या कामाच्या बाकावर ठेवलं. "हा अडुसष्टचा. हा एकोणसत्तरचा…"

फ्लॅनेलच्या गुंडाळीतून एकेक कांस्याचा बगळा बाहेर येत होता आणि तो बोटाने सरळ रांगेत सरकवत होता. हा माणूस निवृत्त पोस्टमन. व्हरमाँटहून चार तास गाडी हाकत आला होता, केवळ पदकांच्या वेडापायी. रांग पुरी झाली तेव्हा अकरा बगळे झाले होते. सगळे एकाच ठशातले, लव्हाळ्यात एका पायावर उभे. मी पॅकिंगच्या टेबलावरून मान लांब करून पाहिलं.

पहिला बगळा अक्रोडाच्या कवचासारखा तपकिरी होता. अकरावा जवळजवळ काळा. मधले नऊ पायरी पायरीने उतरत गेलेले.

"मिसेस बार्कस, मला एवढंच सांगा," क्रॉकर टोपी हातात घेऊन म्हणाला, "हे तुम्ही ठरवून केलंत का? आमच्या पदकसंग्राहक मंडळाच्या पत्रिकेत लिहितोय मी, जानेवारीच्या अंकात. बारा वर्षं लोक हे पदक घेतायत, पण बगळा दर खेपेला गडद होत गेलाय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही!"

ओना बाकावर वाकली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"कसलं गडद? सगळे सारखेच तर आहेत."

क्रॉकर हसला. "समजलं. धंद्यातलं गुपित. नका सांगू."

"गुपित कसलं डोंबलाचं? आर्मंड, ए आर्मंड! इकडे ये. ह्यांना सांग. एकच रंग आहे ना?"

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिची हनुवटी वर जायची; आता ती खाली होती. मी ॲप्रनला हात पुसत गेलो, रांगेकडे पाहिलं, आणि म्हणालो, "एकच आहे."

क्रॉकरने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला खोटं ओळखता येत असावं. तो हसायचा थांबला.

"बरं," तो म्हणाला. "मी वर जुने कागद चाळतो. चार वाजता तुमच्या नव्या मॅनेजरसाहेबांची वेळ घेतलीय. त्यांना पहिला आणि शेवटचा दाखवतो. खूश होतील." त्याने ते दोन बगळे कोटाच्या खिशात टाकले, बाकीचे नऊ बाकावर राहू दिले, आणि तो लोखंडी जिना चढून गेला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

नॉगटक नदीच्या काठी आमचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, चार खोल्या, दोन दाबयंत्रं आणि एक भट्टी. शिल्पकार मोठ्या ताटाएवढं चित्र करून पाठवायचा. यंत्र ते लहान करून पोलादी ठशात कोरायचं. मग चकती दाबायची, भट्टीत मऊ करायची, पुन्हा दाबायची, असं पाच-सहा वेळा. तिथून निघालेलं पदक नव्या पेनीसारखं भडक दिसतं. बगळ्याचं पीस कुठलं आणि पाणी कुठलं, काही कळत नाही. ते ओनाकडे यायचं. ती त्याला गंधकाच्या पाण्यात बुडवून काळं करायची आणि मग वज्रीच्या, म्हणजे पाय घासायच्या दगडाच्या, बारीक पुडीने घासून उंचवट्यांवरचा काळा रंग काढत जायची. कुठे थांबायचं, ही सगळी कला. ती थांबली की बगळा श्वास घ्यायला लागायचा. पदकाच्या पुढच्या बाजूला शिल्पकाराचं नाव, कडेवर कारखान्याचं. ओनाचं नाव कुठेच नाही, आणि सत्तावीस वर्षांत तिने ते मागितलंही नाही.

नमुन्याचं पदक समोर ठेवून रंगवायला मात्र ती कधी तयार झाली नाही. "बघून बघून रंगवायला मी काय कुंपण रंगवतेय?" असं म्हणायची. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही. नमुना शेजारी असता तर तिला तेव्हाच, डोळे अजून थोडे धड असताना, कळलं असतं. पण ते तिला सांगणार कोण?

मला बाहत्तर साली कळलं. एका गव्हर्नरचं पदक होतं. त्याच्या डोळ्यांच्या खोबणी इतक्या काळ्या आल्या होत्या की माणूस मेल्यासारखा वाटत होता. पुढच्या महिन्यात आणखी काळ्या. ओनाच्या डोळ्यांना चेहरा दिसायला आता जास्त काळा रंग लागत होता, एवढंच झालं होतं. माझ्या आजीचंही असंच झालं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्याला इलाज नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मी ओनाला सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. ती विधवा होती, दर सोमवारी माझ्यासाठी बटाट्याचा कुगेलिस डब्यात आणायची, आणि मी मुळातच भित्रा माणूस आहे.

पदकाला मेणाचा शेवटचा हात देणं माझं काम. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, ती बाहेर बाकड्यावर सँडविच खात असताना, मी मेणाआधी तिच्या पदकांवर वज्रीची पूड फिरवायला लागलो. थोडीशीच. खोबणी उजळेपर्यंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा वर्षं चाललं ते. फक्त बगळा माझ्या हातून सुटला, कारण तो तिचा लाडका. मंडळाच्या सभासदाची एखाद-दुसरी मागणी आली की ती स्वतःच मेण लावून परस्पर वर पाठवून द्यायची.

सप्टेंबरात कारखाना विकला गेला. पश्चिमेकडचे कुणीतरी आले. हातात स्टॉपवॉच घेतलेली दोन माणसं आमच्या मागे उभी राहून काहीतरी लिहायची आणि काही न बोलता निघून जायची. दर सोमवारी एक बाक रिकामा दिसायचा. आधी कोरणाऱ्याचा, मग कडा घासणाऱ्याचा. कुणी विचारायचं नाही. अंगणात ताडपत्रीखाली पोलादी टाकी येऊन पडली होती. एका वेळी शंभर पदकं बुडवून रंगवणारी. तिचे नळ अजून जोडले नव्हते. येता-जाता प्रत्येक जण त्या ताडपत्रीला वळसा घालून जायचा, जणू खाली कुत्रं बांधलंय. ओनाला पेन्शनला चौदा महिने उरले होते. नव्या मालकांना फक्त एक निमित्त हवं होतं, आणि ते क्रॉकरच्या खिशात बसून जिना चढलं होतं.

"खरं सांग," ओना म्हणाली.

"काय खरं?"

"त्या माणसाचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण तो गप्प झालेला ऐकू आला. एकच रंग नाहीये ना?"

वर क्रॉकरच्या बुटांचा आवाज येत होता, कपाटापासून टेबलापर्यंत, टेबलापासून कपाटापर्यंत.

"आर्मंड तेत्रो, तुझ्या आईची शपथ आहे तुला."

"नाहीये," मी म्हणालो. "शेवटचे काळे आहेत."

"किती काळे?"

"खूप."

ती स्टुलावर बसली. तिने एक बगळा उचलला आणि अंगठा त्याच्या मानेवरून फिरवला. अंगठ्याला रंग काय कळणार?

"मग बाकीची कामं? गव्हर्नर? इस्पितळाचं शताब्दीचं पदक? ती तर कधी परत आली नाहीत."

आता गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण एकदा तोंड उघडलं की माझ्यासारख्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. मी सगळं सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, पूड, सहा वर्षं. तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. उपकार केले होते ना मी!

"तू माझ्या कामावर हात फिरवत होतास," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुझ्यासाठीच ना! त्यांनी तुला काढली असती."

"माझ्यामागे. मी बाहेर बसून पाव खात असताना."

"ओना…"

"पूल पण?"

मला या प्रश्नाचीच भीती होती. चौऱ्याहत्तर साली पुलाचं पदक केलं होतं. त्या बाईने, म्हणजे शिल्पकाराने, न्यूयॉर्कहून पत्र पाठवलं होतं, की आयुष्यात माझ्या कामाला असा रंग कुणी दिला नाही. ओनाने ते पत्र चर्चमध्ये नेऊन पाद्र्याला दाखवलं होतं. लिथुआनियातल्या बहिणीला त्याची नक्कल पाठवली होती.

"पूल पण," मी म्हणालो.

तिने मला शिवी दिली असती, तोंडावर पूड फेकली असती, तर मी ते मुकाट्याने घेतलं असतं. तिने फक्त चष्मा काढला, ॲप्रनच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग उठून नऊ बगळे फ्लॅनेलमध्ये गुंडाळले.

"कुठे निघालीस?"

"वर."

"वेड लागलंय का तुला? अजून चाळीस मिनिटं आहेत. मी क्रॉकरला गाठतो, समजावतो. भला माणूस आहे, नाही लिहिणार."

"का नाही लिहिणार? त्याने ते पाहिलंय. सहा वर्षांत पाहून सांगणारा तो एकटाच निघाला."

"चौदा महिने, ओना! फक्त चौदा!"

"ते मी मोजलेत," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीवर ती आधी बूट पुढे सरकवून अंदाज घेत होती. ही गोष्टही मी कित्येक महिने पाहत होतो आणि ती गुडघ्यामुळे असं करते अशी स्वतःची समजूत घालत होतो.

वर काय झालं ते मला नंतर क्रॉकरने सांगितलं. ओनाने त्याला सोबत घेतलं, त्याच्या खिशातले दोन धरून अकराही बगळे मॅनेजरच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, सहासष्टचा बरोबर आहे, बाकीच्यांत माझे डोळे गेलेत. मॅनेजर तिशीतला. त्याने पहिला आणि शेवटचा दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "मला तर फारसा फरक दिसत नाही. आणि गिऱ्हाइकाला कुठे काय कळतंय? टाकी सुरू झाली की सगळे एकसारखे निघतील." नळ गुरुवारी जोडणार होते. तोपर्यंत ती राहू शकते, असं तो म्हणाला. गुरुवारनंतर तिच्या जागेची तशीही गरज नव्हती. हे त्याने क्रॉकरसमोरच सांगितलं, पेन्सिलीने कान खाजवत.

क्रॉकरने तिथेच सांगितलं की मी हे छापणार नाही. "छापा," ओना म्हणाली. "पण एक करा. हे अकरा माझ्या हातचे आहेत असं लिहा. पुलाच्या पदकाखाली माझं नाव घालू नका."

ती खाली आली तेव्हा चार वाजत आले होते. मी उभाच होतो. तिने माझ्याकडे न पाहता बाकावरून सकाळचा ट्रे उचलला, कुठल्याशा कॉलेजचा, छत्तीस पदकांचा, आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझ्याजवळची पुडीची वाटी चाचपून शोधली आणि स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात घातली.

"मेण लाव," ती म्हणाली. "मी वर सांगून आलेय. हा ट्रे असाच जाणार."

दिव्याखाली ती पदकं कोळशासारखी काळी होती. मध्ये एका जुन्या प्राध्यापकाचा चेहरा होता. त्याचं तोंड कुठे आणि दाढी कुठे, काही कळत नव्हतं.

"ओना, निदान हे एक तरी…"

"नाही."

मी पहिल्या पदकाला मेण लावलं, कागदात गुंडाळलं, डबीत ठेवलं. ओना गेली नाही. ट्रेच्या कडेवर हात ठेवून ती टेबलाला टेकून उभी राहिली. कान माझ्याकडे होता. घासण्याचा आवाज येतो की काय, ते ती ऐकत होती. बाहेर चारचा भोंगा झाला, लोक डबे घेऊन निघाले, कुणीतरी तिला हाक मारून गेलं. मी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मेण लावायचं, गुंडाळायचं, डबीत ठेवायचं. छत्तीसच्या छत्तीस होईपर्यंत ती तशीच उभी होती.