पाकिटावरची मिसेस

अगं बायांनो, हसू नका, आधी पूर्ण ऐका. आमच्या समोरच्या एफुआमावशीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सोनं नाही, बंगला नाही. चर्चकडून येणाऱ्या पाकिटावर ‘मिसेस आर्कोफुल’ असं लिहिलेलं हवं होतं. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, लग्न झालंय की तिचं. झालंय ना. एबोकाकांच्या घरचे रीतसर बाटल्या आणि कापडं घेऊन तिच्या मामांकडे गेले होते, म्हाताऱ्यांनी जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना सांगितलं होतं, पुढे चार पोरं झाली. पण आमच्या एल्मिना गावात चर्चमध्ये अंगठी चढली तरच बाई मिसेस. नाहीतर केस पिकले तरी मॅडमच. आणि आमचे चर्चचे सेक्रेटरी अमिसामास्तर या बाबतीत इतके कडक की सुगीच्या सणाचं आमंत्रण असो नाहीतर नुसती सभेची चिठ्ठी, मावशीच्या पाकिटावर ‘मॅडम एफुआ क्वान्सा’. म्हणजे नवऱ्याचं नाव तर नाहीच, वर माहेरचं आडनाव.

मावशी मासे धुरावर सुकवून विकते. तिच्या मातीच्या भट्ट्या आमच्या दारातून दिसतात. पाकीट आलं की ती हात पुसायची, नाव वाचायची आणि उघडायचीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मासे घ्यायला येणारी प्रत्येक बाई मला मॅडमच म्हणते गं. मग देवाच्या घरात आणि बाजारात फरक काय राहिला?”

प्रभुभोजनाच्या वेळी अंगठीवाल्या बायका उठून पुढे जायच्या आणि ही बाकावर बसून राहायची. चर्चच्या जेवणाला सगळ्यांत जास्त मासे हिचे, बरं का.

एबोकाका वाईट नव्हते हो. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि मावशीने हाक मारली की हातातलं काम टाकून यायचे. पण चर्चमधल्या लग्नाचा विषय निघाला की त्यांचं एकच. म्हणायचे, या वयात कोट घालून उभा राहिलो तर गल्लीतले बोकडसुद्धा हसतील. पुढच्या ईस्टरला बघू. मग पुढचा ईस्टर यायचा, की त्याच्या पुढचा.

मग त्यांच्या मुलीचं, आबाचं लग्न ठरलं. माझी मैत्रीण ती. पत्रिका छापून आल्या. मुलाकडच्या बाजूला ‘मिस्टर आणि मिसेस एसुमान’, एका ओळीत, जोडीने. आणि आबाच्या बाजूला ‘मिस्टर एबो आर्कोफुल’, खाली वेगळ्या ओळीत ‘मॅडम एफुआ क्वान्सा’. जणू शेजारी राहणारी कुणी बाई. काकांनी ती पत्रिका घेतली आणि बाकड्यावर बसून राहिले. आंबवलेल्या मक्याचं केंके ताटात तसंच, मासा तसाच, मिरचीच्या चटणीला बोटही लावलं नाही. मग मला म्हणाले, पोरी, पाद्रीसाहेबांना विचारून ये, म्हाताऱ्यांना तारीख देतात का.

मी पळत गेले. खरंच पळत, एक चप्पल तुटली. पाद्रीसाहेब इतके खूश की लगेच जवळची तारीख देतो म्हणाले. कोटाचं माप झालं. शिंपी काकांना ‘नवरदेव’ म्हणायला लागला आणि काका लाजायचे, मी स्वतः पाहिलंय.

आणि मग मावशीच म्हणाली, आत्ता नको.

माशांचा हंगाम सुरू झाला होता ना. होड्या भरून येत होत्या, भट्ट्यांना उसंत नव्हती. ती म्हणाली, माझ्या केसांना, नखांना, सगळ्या अंगाला धुराचा वास येतोय, अशी उभी राहू का मी अंगठी घालून घ्यायला? हंगाम संपू दे. मी नीट न्हाईन, पांढरं शिवीन आणि मग जाऊ. काका म्हणाले, मला तो वास चालतो, आजवर त्याच वासात झोपलो ना. पण ती नाहीच म्हणाली. आणि खरं सांगू, आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हंगाम काय, येतो आणि जातो.

काका हंगामातच गेले. दुपारी एका इंजिनावर वाकले होते, ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीचं पोस्टर छापायची वेळ आली तेव्हा काय झालं माहितीये? अमिसामास्तर, तेच ते कडक, स्वतः आमच्याकडे आले. पाद्रीसाहेबांशी बोललोय म्हणाले, तारीख ठरलीच होती, तर पोस्टरवर ‘विधवा: मिसेस एफुआ आर्कोफुल’ लिहू. चर्चचं सांत्वनपत्रही तसंच जाईल. काकांच्या घराण्याचे प्रमुखसुद्धा हो म्हणाले, आणि ते तर कशालाच हो म्हणत नाहीत. मला इतका आनंद झाला, अंत्यविधीच्या घरात आनंद होणं बरं नाही, पण झाला. मी पोस्टरचा कच्चा नमुना घेऊन मावशीकडे गेले.

तिने वाचला. ते नाव पहिल्यांदाच कागदावर बघत होती ती. त्यावरून अंगठा फिरवला, म्हणून शाई जरा पसरली.

मग म्हणाली, “खोड हे.”

मी म्हटलं, मावशी, ते सगळे मनापासून देतायत.

“ते देतायत गं. पण हे त्यांचं नव्हतंच. ज्याचं होतं तो द्यायला उभा होता, मीच थांब म्हटलं. इतकी वर्षं तो थांब म्हणाला, मी एकदाच म्हटलं.” कागद माझ्या हातात दिला. “मॅडम लिही. मला मॅडमच म्हणायचं.”

मी खूप समजावलं. आबाने समजावलं. मास्तरांनी सांत्वनपत्राचं पाकीट हातात धरून दारात उभं राहून विनवलं. शेवटी पाकीट परत नेलं, नवीन लिहून आणलं. या वेळी मात्र तिने ते उघडलं.

शनिवारी काकांना दर्शनासाठी ठेवलं होतं. अंगात तोच कोट. शिंप्याने रात्रभर बसून बटणं लावली होती. ओळीत माझ्यापुढे मावशी होती. जवळ गेली, वाकली, कॉलर उगाचच सरळ केली. तिच्या हातांना अजून धुराचा वास होता, मला मागे येत होता. आणि ती अगदी हळू, त्यांच्या कानाशी म्हणाली, “बघ, कुणीसुद्धा हसलं नाही.”