आप्पांच्या भाषणातली दुपार

तांब्याच्या तारेचा चकाकता वेढा बोटांवर घेऊन आप्पा दारात बसत, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन त्या तारेवरून असं ओघळे की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस उजेडच गुंडाळतो आहे. सणसरच्या कितीतरी विहिरींवरच्या जळक्या मोटारी माझ्या वडिलांच्या हातून पुन्हा जिवंत होऊन जात. लोक त्या हातांची स्तुती करत. त्या हातांचा कंप थांबण्यासाठी सकाळीच पोटात काय जावं लागे, ते फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. मला ते हात कधी सुंदर वाटले नाहीत.

इतर मुली आभाळावरून पाऊस ओळखत. मी आवाजावरून बाप ओळखायला शिकले. सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज आला तर श्वास सोडायचा, अंगणात ती आडवी पडल्याचा आला तर दप्तर उचलून गोठ्यात जायचं. तिथं वैरणीमागे आईने पाण्याची कळशी झाकून ठेवलेली असे. भीतीलाही एक व्यवस्था लागते, आणि आईने ती इतक्या निगुतीने लावली होती की परक्याला तो नीटनेटका संसार वाटावा.

मी तेरा वर्षांची होते. चैत्रातली दुपार. आई आणि मी अंगणात कुरडया घालत होतो. आप्पा आले, आमच्याकडे न बघता आत गेले, आतून कडी घातली आणि झोपले. आईने दार वाजवलं, हाका मारल्या, मग नाद सोडला. त्या दिवशी कळशीही आतच राहिली होती. गोठ्याच्या पत्र्याखाली नुसता जाळ होता. "शेजारी जाऊ," मी म्हटलं. "नगं. हसं व्हतं," आई म्हणाली. मग लिंबाची विरळ सावली सरकेल तशा आम्ही दोघी सरकत राहिलो; जीभ टाळ्याला चिकटली, आणि त्या पांढऱ्या, निःशब्द उन्हात माझ्यातलं काहीतरी कोवळं कायमचं करपून गेलं. दिवस कलल्यावर कडी निघाली. आप्पा डोळे चोळत उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "च्या टाक."

आईने टाकला.

आप्पांनी दारू सोडली त्याला आता चार वर्षं झाली. खरोखर सोडली; ते मी नाकारत नाही. व्यसनमुक्तीच्या सभांतून ते बोलतात, लोक त्यांना हार घालतात. गेल्या माघात वालचंदनगरच्या एका सभेला त्यांनी आम्हा दोघींना नेलं. मी बारामतीत शिक्षिका आहे. रविवार होता, शाळेचं निमित्त सांगता येईना. "चार शबुद बोल फकस्त," ते म्हणाले, "बाप सुधारला म्हणून."

व्यासपीठावर आप्पांनी ती दुपार काढली. त्यांचा आवाज मुळातला मधाळ, आता पश्चात्तापाने अधिकच पिकलेला. "सांच्याला दार उघडलं," ते म्हणाले, "आन् बायकूच्या पायावर डोकं ठिवलं. ह्या माझ्या लेकीनं माझं डोळं पुसलं." समोर बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माझ्याच बालपणातून मला उठवून या माणसाने तिथं एक दयाळू पोर आणून बसवली होती.

माझी पाळी आली. मी माइक धरला. "आप्पा कुणाच्या पाया पडले नाहीत. त्यांनी चहा मागितला. मी त्यांचे डोळे पुसले नाहीत. ते झोपेतच मरावेत म्हणून मी देवाला विनवत होते."

आप्पांनी माझ्या हातातून हळूच माइक घेतला. "पोरगी म्हणती तसंच असंल," ते म्हणाले. "मला त्या दुपारचं कायबी आठवत न्हाय. हिच्या आईनं एकदा भांडणात सांगितलं, उनात बसवलं व्हतं म्हणून. म्होरलं म्या माझं जोडलं."

त्या कबुलीने मी निवले नाही, उलट पेटले. म्हणजे ज्या दुपारसाठी मी इतकी वर्षं त्यांचा द्वेष केला, ती त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

बाहेर ते माझ्यामागे आले. "मग तू सांग समदं. म्होरल्या सभंत खरं तेच बोलतो."

"नाही सांगणार, आप्पा."

"का गं?"

"टाळ्या घेण्यासाठी नाही ते."

एसटीत ते पुढच्या सीटवर झोपी गेले, निर्मळ, निर्धास्त. खिडकीबाहेर उसाचे तुरे मावळतीत रुपेरी होत होते. माझ्या शेजारी बसलेली आई म्हणाली, "दोन कप केला व्हता च्या. एक त्यांला, एक मला. तुला पाणी द्यायचं बी ध्यानात आलं न्हाय. त्ये न्हाई सांगितलंस."

"मला आठवत नाही, आई."

"मला आठवतंय," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

आप्पा अजून सभांना जातात. ती दुपार आता सांगत नाहीत म्हणे. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि करावी असं वाटतही नाही. मात्र एवढं उमगलं आहे, की उन्हात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, पण काळ उलटत गेला तसा त्यातून प्रत्येकीने आपापला दाह वेगळा उचलला, आणि आता त्या आठवणीत माझ्याजवळ कुणीच बसलेलं नाही.