चाकाखालचे लिंबू

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. दोनच माणसे बसतील एवढी, टप उघडा, रंग गडद हिरवा आणि पुढे दोन मोठे गोल दिवे. माझ्या जातीच्या गाड्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात. आमचा जन्मच मुळी धावण्यासाठी. तरीही माझे निम्मे आयुष्य उभे राहण्यात गेले. म्हणून सांगताना मी जरा घाई केली तर रागावू नका. सावकाश असे मला काही जमतच नाही.

मी जन्मले विलायतेत, ऑक्सफर्डजवळच्या एका लहानशा गावात. घराण्याचे नाव सांगून मिरवत बसत नाही, तेवढा धीर नाही. आमच्या कारखान्यात कामगार गाड्यांचे सांगाडे हातांनी ढकलत एका जागेवरून पुढच्या जागेवर नेत. म्हणजे चाके लागल्या दिवसापासून पुढे जाणे एवढेच मला ठाऊक. माझ्या अंगाची चौकट लाकडाची आणि तिच्यावर पत्रा. लोखंडाच्या या वस्तूत लाकूड आहे हे ऐकून मुलांना नवल वाटते. पण त्या लाकडाचे पुढे काय झाले ते ऐका.

जहाजातून मद्रासला उतरले ते एका साहेबासाठी. साहेब मायदेशी परतला आणि मला तंजावूरच्या शेषाद्री वकिलांनी घेतले. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचे घर. भोसल्यांच्या राज्यात जी मराठी माणसे इथे आली आणि इथलीच झाली, त्यांतले हे एक कुटुंब. बाहेर तमिळ बोलतात, घरात मराठी. तुमच्या मराठीहून जुनी, आणि तमिळच्या चालीवर हेलकावणारी. ‘सगळे’ला ही माणसे ‘अस्कं’ म्हणतात. मला आधी इंग्रजीखेरीज काही कळत नव्हते. पण चांगले बोलणे आणि रागावणे कोणत्याही भाषेत ओळखू येते.

वकील मला ओरत्तनाडूकडच्या शेतावर नेत आणि येताना शेजारच्या सीटवर भाताचे पोते बसवत. माझा केवढा अपमान! मला खरे चालवले ते त्यांच्या मुलीने, वेंकूबाईने. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, नऊवारी नेसून, केसांत मोगरा माळून, उघड्या मोटारीतून तिरुवैयारुला गाणे शिकायला जायची. रस्त्यात पाच नद्या लागतात. प्रत्येक पुलावर ती वेग वाढवायची आणि उजव्या हाताने माझ्या दारावर ताल धरायची. गल्लीतली मोठी माणसे नाके मुरडत. आम्हा दोघींना त्यांच्याकडे बघायला फुरसत नव्हती.

माझी एक खोड होती, तीही सांगून टाकते. किल्ली फिरवली की माझा पेट्रोलचा पंप टिकटिक करतो. पण बरेच दिवस उभे राहिले की तो रुसतो आणि मुळीच वाजत नाही. मग वेंकूबाई बॉनेट उघडून त्याला अंगठीच्या बोटाने टकटक करायची, की लगेच सुरू!

पुढे वकील गेले. वेंकूबाई शाळेत गाणे शिकवू लागली. माझे सुटे भाग मिळेनासे झाले आणि मला मागच्या पत्र्याच्या खोपटात ढकलले. तिथे कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालीत. वाळवीने माझे विलायती लाकूड आतून पोखरले. पाऊस पत्र्यावर वाजे आणि मला वाटे, निघायची वेळ झाली. पण कोणी येत नसे. मित्रांनो, उभ्या गाडीला झोप लागते असे समजू नका. मी रोज जागी होते.

मग वेंकूबाईचा भाचा वेंकटरमण टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला. त्याने मला उजेडात आणले. इंजिन कोइमतूरला पाठवून दुरुस्त करवले. लाकडी चौकट करायला मात्र गावात सुतार मिळेना. तेव्हा वीणा बनवणाऱ्या सांबशिवाने फणसाच्या लाकडाची केली. चौकट ठोकून बघताना तो कान लावून ऐकायचा. तेव्हापासून मी विलायती राहिले नाही, अर्धी तंजावूरची झाले, आणि याचा मला फार अभिमान आहे. रंग चढला, दिवे चकाकले. वेंकटरमण रात्रंदिवस माझ्यासाठी झिजला, हे मी कधीच विसरणार नाही.

पण नेमके तिथेच घोडे अडले. मी इतकी देखणी झाले की त्याला माझी भीती वाटू लागली.

आमच्याकडे आयुध पूजेला, म्हणजे तुमच्या खंडेनवमीला, गाड्यांची पूजा होते. धुऊन पुसून चंदन-कुंकू लावतात, केळीचे खुंट बांधतात आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवतात. पूजा झाली की गाडी पुढे घ्यायची आणि लिंबे चिरडायची. त्याने दृष्ट निघते, आणि गाडी वर्षभराच्या वाटेला लागते. पहिल्या वर्षी लिंबे ठेवली, आरती झाली. मी पुढे जाणार, इतक्यात वेंकटरमण वाकला. रस उडून नव्या रंगावर डाग पडेल म्हणून त्याने चारही लिंबे हाताने अलगद काढून घेतली! त्याची बायको जयलक्ष्मी म्हणाली, लिंबू मोडले नाही तर ही पूजा कोणती झाली? तो हसला आणि माझ्यावर कापडी खोळ ओढली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

एकदा जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला मला चेन्नईला नेले. कसे नेले माहीत आहे? ट्रकवर चढवून! मोटार असून मी दुसऱ्याच्या पाठीवर बसून गेले. रस्ता माझ्या चाकांखालून नव्हे, ट्रकच्या चाकांखालून सरत होता. तिथे मला उत्तम जतनासाठी चषक मिळाला. माणसे म्हणाली, काय वारसा जपलाय! मला तर ओरडावेसे वाटत होते, पण हॉर्नची तारही काढून ठेवलेली.

इकडे वेंकूबाईची नजर अधू होत चालली होती. आता ती ऐंशीच्या घरात आहे. काचबिंदू आहे, गेलेले परत येणार नाही आणि उरलेलेही फार दिवस राहणार नाही, असे मदुरैच्या डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी ती भिंतीला हात लावत माझ्यापाशी आली आणि भाच्याला म्हणाली, “वेंकटरमणा, अत्तां मज थोडंच दिसतं. ते अस्कं जायाच्या आधी एकदा ह्या गाडीतून तिरुवैयारुस ने. कावेरी बघायची आहे.”

“नेतों अत्या,” तो म्हणाला. “रस्ता खणला आहे, तो नीट होऊंदे.”

रस्ता नीट झाला. मग लग्नसराई होती, मग ऊन फार होते. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. आत्येवर त्याचा जीव आहे. टॅक्सीने नेतो असे तो पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि ती नको म्हणायची. एक ओरखडा उठला तर काय, एवढीच त्याची भीती. पण आत्येची नजर माझ्या रंगासारखी पुन्हा लावता येणार नव्हती. मी खोळीच्या आत नुसती तडफडत होते. टायर एका जागी दबून चपटे होत होते आणि पेट्रोलची चिकट राळ होत होती.

यंदाची आयुध पूजा आली. चंदन लागले, लिंबे ठेवली. घरातली वडीलधारी म्हणून कुंकू लावायला वेंकूबाईला पुढे केले. तिने बोट बुडवले आणि माझ्या दिव्याखाली लावायला हात पुढे केला. दिवा एवढा मोठा, उन्हात झगझगणारा. तिचे बोट वीतभर बाजूला हवेतच टेकले. तिथे काही नव्हते. ती थांबली, हाताने चाचपले, आणि मग कुंकू दिव्याच्या काचेवरच उमटले. वेंकटरमण लिंबू काढायला वाकला होता, तो तसाच वाकून आत्येकडे बघत राहिला. मग लिंबू न काढताच उठला.

त्याने तिला हात धरून सीटवर बसवले आणि किल्ली फिरवली. पंप गप्प! मित्रांनो, इतकी वर्षे मी याच क्षणासाठी तळमळत होते, आणि माझ्या अंगात त्राण नव्हते. त्याचा चेहरा उतरला. तेव्हा वेंकूबाई शांतपणे म्हणाली, “बॉनेट उघड. पंपास हळू मार. रुसला आहे तो.”

त्याने पान्ह्याने टकटक केले. टिक. टिक टिक टिक. मी खोकले, थरथरले आणि गर्जले. चाके फिरली आणि चारही लिंबे फटाफट फुटली! रस माझ्या हिरव्या रंगावर उडाला, आणि जयलक्ष्मीने दोन्ही हात जोडले.

पहिल्या पुलावर वेंकूबाईने नदीचे नाव घेतले. दुसऱ्यावरही घेतले. वारा आणि टायरचा बदललेला आवाज तिला पुरे होता. तिसऱ्या पुलापासून तिचा डावा हात माझ्या दारावर ताल धरू लागला. वळणावर केळीच्या पानांचे भारे लादलेली एक मोपेड घासून गेली आणि माझ्या दारावर लांबलचक ओरखडा उठला. वेंकटरमणने पाहिले, आणि थांबला नाही.

कावेरीवर त्याने मला कडेला घेतले. “दिसतं का, अत्या?”

ती बराच वेळ बघत होती. “पांढरं काही हलतं आहे,” ती म्हणाली. “तेंच आहे नव्हे? मग दिसलं.”

पोंगलनंतर तिला तेवढेही दिसेनासे झाले. पण दर रविवारी ती माझ्यात येऊन बसते, आणि माझ्या दारावरचा ओरखडा बोटाने शोधून तिथेच ताल धरते. तो ओरखडा वेंकटरमण रंगवत नाही. माझ्या खोळीवर जयलक्ष्मी सांडगे वाळत घालते.

मित्रांनो, तुमच्या घरातही काही जुने झाकून ठेवलेले असेल. पेटी, सायकल, कदाचित एखादे म्हातारे माणूसही. त्याला पुसा, तेल घाला, पण मग बाहेर काढा. फार सांभाळले की वस्तू नुसती उरते, जगत नाही. आणि उद्या नेऊ म्हणू नका. उद्यापर्यंत कुणाचे डोळे थांबतील ते सांगता येत नाही.

आणखी सांगितले असते, पण आज रविवार आहे. तिची काठी वाजली, किल्ली फिरली, पंप टिकटिकतो आहे. जरा बाजूला व्हा.