तीन टेकूंचा हौदा

फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या त्या कारागिराला सगळी वस्ती ‘दणकटराव’ म्हणे. त्यांनी बसवलेल्या फाटकाला कुणी धक्का दिलाच, तर खांदा दुखे, फाटक हलत नसे. “हललं ते काम नव्हे” हे त्यांचं वाक्य बायकोला इतकं पाठ होतं, की त्यांनी सुरू केलं की ती संपवून टाकी.

त्यांच्या मुलीकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. जिकडे फुलं, तिकडे ती पेट्या घेऊन जाई, आणि तिकडे बहुधा रस्ता नसे. ओढ्यातले गोटे आणि उतारावरच्या घळी, हाच रस्ता. तिचा चारही चाकांनी ओढणारा उंच ट्रक अजून ठणठणीत होता, पण मागच्या हौद्याची गंजून चाळणी झाली होती. तो उतरवून तिने नुसता सांगाडा वडिलांच्या शेडसमोर आणून उभा केला. घर सोडल्यापासून तिने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. दणकटरावांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“सपाट हौदा हवा, बाबा. बाजूंना उघडणारे फाळके, पेट्या बांधायला कडेने कड्या. आणि एक ऐका. मागे घट्ट बांधा, पण पुढे केबिनच्या बाजूला मोकळीक ठेवा. चॅसी, हा खालचा सांगाडा, पीळ खाते.”

“लोखंड पीळ खातं?”

“ओलं धोतर पिळतात तशी. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात. खालची चॅसी पिळली आणि वरचा हौदा अडून बसला, की दोघांतलं एक तुटतं. पटत नसेल तर आत्ताच सांगा, शहरातल्या हौदेवाल्याकडे जाते. फुलं माझ्यासाठी थांबायची नाहीत.”

“त्याचे फाळके वाऱ्यानेसुद्धा वाजतात,” दणकटराव म्हणाले आणि टेप काढून मापं घ्यायला लागले.

काम झकास उतरलं. लोखंडी चॅनलची चौकट, वर पाय न घसरणारा खरबरीत पत्रा. दोर ओढताना मुलीच्या हाताला लागू नये म्हणून त्यांनी एकेक कोपरा घासून गोल केला. फाळक्यांना फाटकाची जाड बिजागरी लावली. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तिने सांगितल्याप्रमाणे रबराचे ठोकळे आणि सैल बोल्ट बसवले. मग सवयीने धक्का दिला.

हौदा हलला. बोटभरच, पण हलला.

मुलगी पेट्या तयार करायला गेली होती. दणकटरावांनी ट्रकभोवती दोन चकरा मारल्या, पुन्हा धक्का दिला, पुन्हा तेच. जित्याची खोड. त्यांनी दोन जाड पट्ट्या घेतल्या आणि पुढचे दोन्ही कोपरे खालून चॅसीच्या कडेला निघालेल्या लोखंडी कानांना वेल्ड करून टाकले.

चहा घेऊन आलेली बायको वाकून बघत होती. “तिने मोकळं ठेवायला सांगितलं होतं ना?”

“माश्यांचं ती बघते, लोखंडाचं मी बघतो.”

“मग ट्रक माश्या चालवणार आहेत का?”

त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. पेट्या चढवण्याआधी तिने जुन्या फळ्यांचे दोन ढीग रचले. पुढचं डावं चाक एकावर आणि मागचं उजवं दुसऱ्यावर जाईल अशा बेताने ट्रक सावकाश चढवला. आधी काहीच झालं नाही. मग वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

ती उतरून ट्रकखाली शिरली. दणकटरावही वाकले. त्यांचा वेल्ड शाबूत होता, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. त्याच्या शेजारी चॅसीवरचा कान फाटला होता.

“ह्या पट्ट्या मी सांगितल्या नव्हत्या,” ती खालूनच म्हणाली.

“हौदा हलत होता.”

“हलायलाच हवा होता, बाबा. घळीच्या काठावर, पेट्या भरलेल्या असताना हे झालं असतं तर?”

ती हात पुसत बाहेर आली. “शहरात जाते. आज निघाले तर उद्या होईल.”

“दुपारपर्यंत थांब.”

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “दुपारपर्यंत,” ती म्हणाली.

ते पाणी प्यायला आत गेले. बायको तिवईवर बसून वाटाणे सोलत होती. स्वयंपाकघरातली फरशी कधीच समतल नव्हती. चार पायांची स्टुलं तिथे डुगडुगत, म्हणून त्यांनीच पूर्वी कधीतरी ही तीन पायांची करून दिली होती. ती आजवर डुगडुगली नव्हती.

“उठ जरा.”

“वाटाणे सांडतील.”

सांडले. तिवई शेडमध्ये गेली. दणकटरावांनी तिच्या एका पायाखाली वीट सरकवली. तिवई कलली, पण तिन्ही पाय टेकलेलेच राहिले.

“तीन पायांना चौथ्याशी भांडण नसतं,” ते म्हणाले.

मुलीने तिवईकडे आणि मग ट्रककडे पाहिलं. “मागे दोन, पुढे मधोमध एकच टेकू?”

त्यांनी ग्राइंडर उचलला. वेल्ड चांगला होता, त्यामुळे कापायला फार वेळ लागला. फाटक्या कानाला जोड दिला. मग पुढच्या दोन कोपऱ्यांऐवजी मध्यभागी एकच जाड खीळ बसवली, रबरी नळीसारख्या बुशात, म्हणजे हौदा तिच्याभोवती वळेल. धक्का दिला. हलला नाही. त्यांना बरं वाटलं.

ट्रक पुन्हा फळ्यांवर चढला. केबिन एका बाजूला कलली, हौदा आपल्या जागी राहिला, आणि दोघांमधली फट तिरकी झाली. हात पाठीमागे बांधून ते ती फट बघत राहिले. कसलाच आवाज आला नाही.

“हे चाललं तुम्हाला?” मुलीने खिडकीतून विचारलं.

“वळतो, हलत नाही. चालेल. तुला?”

“पेट्या चढवायला हात लावा,” ती म्हणाली.

ट्रक गेल्यावर बायको शेडच्या दारात आली. “माझी तिवई?”

“टेकडीवर गेली. मीच बांधली मागे. तिथली जमीन आपल्या फरशीहून वाईट आहे.”

“आणि मी काय उभ्याने सोलू?”

“दुसरी करतो.”

“तीनच पायांची. आणि मला विचारल्याशिवाय तिला काही जोडू नका.”

दणकटराव लोखंडाचे तुकडे धुंडाळू लागले.